घमासान, बेट आणि मधला मी

मित्रांनो, माझी गोष्ट ऐकण्याआधी जरा आपले दोन्ही अंगठे बघा. बघितलेत? आता सांगतो. मी व्हिडिओ गेमचा एक जुना कंट्रोलर आहे आणि माझं सगळं आयुष्य अशा अंगठ्यांखालीच गेलं आहे. पुष्कळ लोक मला रिमोट म्हणतात. म्हणोत बापडे. टीव्हीचा रिमोट सोफ्याच्या फटीत झोपा काढतो आणि मी घाम गाळतो, एवढा फरक लक्षात ठेवलात तरी पुरे.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक पट्ट्यावर झाला. पट्ट्याच्या शेवटी एक तपासनीस बाई बसायच्या. त्या प्रत्येक कंट्रोलरची बटणं दाबून बघत, त्याची दांडी दोनदा गोल फिरवत आणि त्याला पुढे सारत. माझी दांडी मात्र त्यांनी तीनदा फिरवली. मी त्यांना फार आवडलो असणार असं मला वाटतं. खोक्यातला माझा शेजारी म्हणाला की त्यांना शंका आली असेल. शेजारी असेच असतात, आपलं कौतुक त्यांच्या डोळ्यांत खुपतं.

माझी ओळख नीट करून देतो, म्हणजे पुढचा गोंधळ समजायला सोपा जाईल. माझ्या डाव्या बाजूला वर एक चौफुली आहे, अधिकच्या चिन्हासारखी. तिच्या खाली अंगठ्याने फिरवायची छोटी दांडी. उजव्या बाजूला चार बटणं. माणसाला पडद्यावर चालवायचं तर काही खेळांत चौफुली वापरतात आणि काही खेळांत दांडी. एवढंच.

मला दुकानातून आत्याने घेतलं. मीही तिला आत्याच म्हणतो, कारण त्या घरात मला तेच नाव जास्त ऐकू आलं. दुकानदाराने विचारलं, "मुलांसाठी घेताय का?" आत्या म्हणाली, "नाही हो, मुलं कुठली? मलाच खेळायचंय." दुकानदार पावती लिहितालिहिता थांबला आणि त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

आत्या कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर तिच्याकडे लोकांच्या जबड्यांचे पांढरे साचे पाठवायचे आणि ती घरातल्या टेबलाशी बसून, मोठ्या भिंगाखाली, एकेक दात घासून-पुसून बसवायची. हातात मोठी कला होती. नुसती जुनी कवळी बघून ती सांगायची, "हे आजोबा डाव्या बाजूनेच जेवतात. झीज बघा ना." दिवसभर वीतभर अंतरावर डोळे लावून बसल्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं की संध्याकाळी जरा लांबचं बघत जा. तिने लांबचं म्हणून खोलीच्या दुसऱ्या टोकाचा टीव्ही निवडला.

वरच्या मजल्यावर आत्याचा मोठा भाऊ, वहिनी आणि त्यांची अकरा वर्षांची मुलगी राहायची. मुलीला सगळे ठिणगी म्हणत. नाव कोणी ठेवलं ठाऊक नाही, पण ज्याने ठेवलं त्याला नजर होती. शाळेतून आली की चार ते सहा मी ठिणगीचा, आणि सहानंतर मी आत्याचा, असा आमचा शिरस्ता ठरला.

आता दोघींचे खेळ सांगतो. ठिणगीचा खेळ होता 'घमासान'. त्यात दोन पहिलवान समोरासमोर येतात आणि साठ सेकंदांत एकाने दुसऱ्याला लोळवायचं. पापणी लवली की खेळ खलास. ठिणगी चौफुली आणि चार बटणं अशी बडवायची की खालचे रबर त्राही भगवान करत. पाय वर घेऊन, जीभ दातांत धरून, सगळं अंग वाकडं करून ती खेळायची. जिंकली की सोफ्यावर उडी मारायची आणि हरली की "परत, परत!" म्हणून ओरडायची. त्या दोन तासांत मी ताशासारखा वाजायचो. मजा यायची, खोटं कशाला बोलू?

आत्याचा खेळ होता 'निवांत बेट'. त्यात काहीच होत नाही. म्हणजे गाजरं उगवतात, ढग जातात, एक बोकड पोस्टमास्तर आहे तो रोज एक पत्र आणून देतो आणि हवामानाबद्दल तक्रार करतो. आत्याचं घर बेटाच्या उजव्या टोकाला आणि मासे पकडायचं तळं डाव्या टोकाला. रोज संध्याकाळी ती दांडी डावीकडे दाबून धरायची आणि बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रमतगमत चालत जायची. वाटेत फुलं बघायची, थांबायची, पुन्हा चालायची. घरी परत यायला चालावं लागत नसे, एक बटण दाबलं की थेट अंथरुणात. तळ्याकाठी तिने निळ्या गुलाबांचा एक वाफा केला होता. निळा गुलाब त्या खेळात सहजासहजी उगवत नाही. वर्षभर रंगांची जुळवाजुळव करून तिला अकरा रोपं मिळाली होती.

दोघींना एकमेकींचा खेळ म्हणजे कोडंच होतं.

"आत्या, यात हरतं कोण?" ठिणगी विचारायची.

"कोणीच नाही."

"मग जिंकतं कोण?"

"कोणीच नाही गं बाई. चालायला जायचं."

"चालायला तर खाली रस्त्यावरपण जाता येतं."

"आणि मारामारी तर तुझ्या शाळेतपण होते," आत्या म्हणायची. मग दोघी हसायच्या.

मला विचाराल तर सांगतो, कोणता खेळ चांगला हा प्रश्नच मला कधी पडला नाही. एक खेळ झोपलेल्याला जागं करायचा आणि दुसरा दमलेल्याला बसवायचा. मी दोन्हीकडे राबायचो आणि स्वतःला फार शहाणा समजायचो.

तीन वर्षं अशी गेली. मग एका संध्याकाळी माझी दांडी बिघडली. आत्याने तिला हातही लावला नव्हता, तरी पडद्यावरची बाई आपोआप डावीकडे चालू लागली. आत्या चहाचा कप ठेवायला वळली होती. तेवढ्यात ती बाई निळे गुलाब तुडवत गेली आणि तळ्यात पडली. अकरापैकी चारच रोपं उरली. आत्याचा चेहरा पडला. मला इतकी लाज वाटली की माझा दिवा मिणमिणला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ठिणगी आली आणि 'घमासान' खेळली. सगळं उत्तम. का नसणार? तिचा पहिलवान चौफुलीवर चालतो आणि चौफुली ठणठणीत होती. सहा वाजता आत्या बसली आणि बाई पुन्हा तळ्यात.

रात्रीचं जेवण सगळे खाली आत्याकडेच करत. त्या दिवशी पानावर बसल्याबसल्या आत्याने विषय काढला.

"ठिणगे, कंट्रोलर आपटलास ना?"

"नाही."

"बटणं बडवतेस ती दिसतात मला. हातातून पडला असेल."

"नाही पडला. आणि तो बरोबर आहे, आत्या. मी आत्ताच खेळले."

"बरोबर आहे? माझी बाई तळ्यात बुडते आणि तो बरोबर आहे?" आत्याचा आवाज चढला. "मोडला तर मोडला, त्याचं काही नाही. पण खोटं बोलू नकोस."

वहिनी वाढतावाढता थांबली. भाऊ पाण्याचा पेला हातात धरून बसला. ठिणगीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ती एवढंच म्हणाली, "मी खोटं नाही बोलत," आणि खाली मान घालून जेवत राहिली.

मित्रांनो, तुमच्यावर असा आळ कधी आला असेल तर तुम्हाला कळेल. दोघीही खरं बोलत होत्या, आणि ते फक्त मला माहीत होतं. देवाने मला चौदा बटणं दिली, तोंड तेवढं दिलं नाही.

आत्याने मला टेबलाच्या खणात कुलूपबंद केलं. "कबूल कर आणि घेऊन जा," ती म्हणाली. त्यातून त्या रविवारी वस्तीच्या सभागृहात 'घमासान'ची स्पर्धा होती आणि ज्याने त्याने आपला कंट्रोलर आणायचा होता. ठिणगी दोन महिने त्या दिवसाची वाट बघत होती. मी खणात पडून होतो, उशाला मेणाचे गोळे आणि पायथ्याशी कुणाचे तरी बत्तीस दात. सोबत चांगली होती, पण हसत तेच एकटे होते.

शुक्रवारी खणातून मला भावाचा आवाज ऐकू आला. तो जिन्यात ठिणगीला समजावत होता. "म्हणून टाक ना पडला म्हणून. आत्या काही मारणार आहे का तुला? एक शब्द बोलायचा आणि मोकळं व्हायचं."

"जे केलंच नाही ते कसं म्हणू, बाबा?"

"अगं, स्पर्धा जाईल."

"जाऊ दे." ती रडली मात्र नाही.

शनिवारी दुपारी ती स्वतः आत्याच्या टेबलापाशी आली. "आत्या, मी उद्या जात नाहीये स्पर्धेला. नाव काढून आले. पण मी नाही आपटला." एवढं बोलून ती वर निघून गेली.

खणाच्या फटीतून मला दिसलं, आत्या हातातली कवळी तशीच धरून बसली. कंट्रोलरसाठी लाडीगोडी लावायला आलेलं पोर तिला समजलं असतं. पण जिने स्पर्धाच सोडली, ती कशासाठी खोटं बोलेल? तरी आत्या हट्टी होती. आतली चीर शोधायची आणि एकदाचा निकाल लावायचा, असं ठरवून तिने मला खणातून काढलं, बारीक पेचकस घेतला आणि भिंगाखाली माझं पोट उघडलं.

गुदगुल्या झाल्या, पण मी गप्प राहिलो.

तिने चीर शोधली. कुठेच नव्हती. कोपरे शाबूत, खुंट्या शाबूत. चौफुलीखालचं रबर थोडं मऊ पडलं होतं, बाकी धडधाकट. मग तिने भिंग दांडीवर आणलं. दांडीच्या भोवती प्लास्टिकची पांढरी पूड साचली होती आणि कडं एका जागी गुळगुळीत झालं होतं. फक्त डाव्या बाजूला. आत्याने ब्रशने पूड झाडली, पुन्हा पाहिलं आणि सवयीने बोलून गेली, "हा एकाच बाजूने जेवलाय."

आणि मग तिने भिंग खाली ठेवलं. पडून दात तुटतो, झिजत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? झीज रोजच्या सवयीने होते.

तिने मला पुन्हा जोडलं. एक स्क्रू उरला तो खिशात टाकला आणि जिन्यात जाऊन हाक मारली. "ठिणगे, खाली ये. माझ्यासमोर खेळून दाखव."

ठिणगी आली आणि कपाळाला आठ्या घालून खेळली. आत्याने तीन वर्षांत पहिल्यांदाच पडदा सोडून तिचे अंगठे बघितले. उजवा बटणांवर नाचत होता, डावा चौफुलीवर. दांडीला कोणी शिवलंसुद्धा नाही.

"आता माझं बेट खेळ."

ठिणगीने बेट लावलं आणि काही करायच्या आत बाई चालू लागली. "अगं, ही कुठे निघाली?" ठिणगी दांडी उजवीकडे ओढत राहिली, पण बाई तळ्यात गेलीच. ठिणगी पडद्याकडे बघतच राहिली. "आत्या, हे रोज होत होतं? मला खरंच माहीत नव्हतं. तुझे गुलाब..."

"माझे गुलाब मीच तुडवले," आत्या म्हणाली. "रोज डावीकडे दाबून दाबून दांडी मी झिजवली. तू बडवतेस, त्याचा आवाज होतो म्हणून मला वाटलं तूच मोडलास. माझा आवाज होत नाही ना."

मला वाटलं, झालं, मिटलं. ठिणगीलाही तसंच वाटलं असावं, कारण ती लगेच म्हणाली, "असू दे गं."

"असू दे कसं? थांब." आत्याने वर हाक मारली. "दादा, वहिनी, जरा खाली या. दोघंही."

भाऊ हातात वर्तमानपत्र घेऊनच आला. वहिनीचे हात ओले होते. आत्याने सगळ्यांना जेवतात तिथे, आपापल्या जागेवर बसवलं. कोणाला काही कळेना.

"परवा इथे बसून मी हिला खोटारडी म्हटलं," आत्या म्हणाली. "तुम्ही दोघांनी ऐकलं. चारचौघांत म्हटलं होतं, चारचौघांत परत घेते. ही खरं बोलत होती. कंट्रोलर माझ्या हातून बिघडला आणि चूकही माझी आहे." मग ती ठिणगीकडे वळली. "मला माफ कर."

भावाने वर्तमानपत्राची घडी घातली आणि ती पुन्हा उलगडली. जिन्यातला आपला सल्ला त्याला आठवला असणार. आणि जी इतके दिवस एक थेंबही रडली नव्हती, ती ठिणगी तेव्हा हमसून हमसून रडली. आत्याने तिला जवळ घेतलं. मी त्या दोघींच्या मध्ये चिरडलो गेलो, पण कुठल्या तोंडाने तक्रार करणार?

भाऊ त्याच संध्याकाळी सभागृहात जाऊन ठिणगीचं नाव पुन्हा घालून आला. रविवारी आम्ही सगळे स्पर्धेला गेलो. दुसऱ्याच फेरीत एका चष्मेवाल्या मुलीने आम्हाला असं लोळवलं की विचारता सोय नाही. ठिणगी हसतहसत त्या मुलीला घरी खेळायला बोलावून मोकळी झाली.

पुढे आत्याने दुरुस्तीवाल्याकडून नवी दांडी आणली आणि स्वतःच्या हाताने मला बसवली. म्हणजे आता मलाही कवळी आहे. म्हातारपणी एवढी चांगली कवळी कोणाला मिळते सांगा. ठिणगी हल्ली कधीकधी बेटावर जाऊन गुलाबांना पाणी घालते आणि आत्या 'घमासान'मध्ये रोज हरते. ती मला तावातावाने बडवते आणि म्हणते, "परत, परत!"

तेव्हा मित्रांनो, आमची काळजी घ्या. खेळून झालं की पुसा, वायर गुंडाळून ठेवा, चिकट हात लावू नका. आणि घरात एखादी वस्तू मोडली, तर सगळ्यात जास्त आवाज कोण करतं ते बघून निकाल देऊ नका. आधी वस्तू उघडून बघा. तेवढं करूनही तुमच्या हातून कोणावर खोटा आळ आलाच, तर माफी जरूर मागा. पण स्वयंपाकघराच्या दारामागे, हळूच, कानात नको. जिथे बसून बोललात, तिथेच बसून मागा, आणि ज्यांनी ऐकलं त्या सगळ्यांना आधी हाक मारा.