चाळिसावी प्लेट

तिने चळतीच्या तळातून चाळिसावी प्लेट ओढून काढली आणि चाचणीवाल्या काकांच्या टेबलावर ठेवली.

"हिच्यावर गोळी झाडा."

चाचणीवाले चष्म्यावरून बघत राहिले. "पहिली सकाळीच पास झाली की. नमुना कायम पहिलाच असतो, पोरी. आज काय नवीन?"

नवीन काहीच नव्हतं, तीच तर पंचाईत होती. गोळी अडवायला जवानांनी छातीवर घालायच्या या प्लेटा हलक्या आणि तरी चिवट व्हाव्यात म्हणून रेझिनच्या चिकट रसात नॅनोट्यूबची, म्हणजे कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांची, काळी पूड घालायची, केसाहून हजारो पट बारीक. ती पूड महाहट्टी. कंपनयंत्रात तासभर घुसळली की पसरते, जरा उसंत मिळाली की पुन्हा गुठळ्या करून बसते. काल जेवणाच्या सुट्टीत भांडं तसंच राहिलं होतं. परत आल्यावर पुन्हा घुसळायला हवं होतं. तिने नाही घुसळलं. घाई होती, आणि ती तिचीच होती. धाकटा भाऊ सोमवारी सीमेवर निघणार होता आणि ही खेप त्याच्याच तुकडीला जायची होती. शेवटच्या वीस प्लेटा त्या न घुसळलेल्या रेझिनच्या. कालपासून तिच्या जिवाला चैन नव्हतं.

"साहेबांना विचारलंस?"

"विचारलं. म्हणाले, पास झालेली खेप उकरू नकोस."

"मग कशाला आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतेस?"

ती जाड काचेमागे जाऊन उभी राहिली. ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. चाचणीवाले पुटपुटत बंदुकीकडे वळले.

बार झाला. त्यांनी प्लेटीमागचा मातीचा ठोकळा आणून तिच्यापुढे ठेवला. सकाळच्या मातीत नुसता खळगा होता. या मातीत गोळी रुतून बसली होती.

"चाळीसच्या चाळीस बाद," ते हळूच म्हणाले.

"पहिल्या वीस चांगल्या आहेत."

"खेप एक, निकाल एक."

साहेबांनी तिला उभ्याउभ्या धुतलं. नवी खेप तीन आठवड्यांनी.

रविवारी संध्याकाळी भावाचा फोन आला.

"ताई, तुमच्या हलक्या प्लेटा आल्याच नाहीत. जुन्याच घालून जायचं. पाठीचा पार भुगा होतो गं त्यांनी. कोण दीडशहाणा आडवा आला तुमच्याकडचा?"

"आहे एक."

"भेटला तर चांगला झाप त्याला माझ्या वतीने."

"झापते. आणि ऐक, जुनी अंगावरून काढायची नाही. जड वाटली तरी नाही. बसलास तरी नाही, जेवतानासुद्धा नाही."

"आईसारखीच झालीस अगदी," तो हसला.

"माझी शपथ आहे तुला."

शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फाटला. पलीकडचं हसणं थांबलं.

"नाही काढणार," तो म्हणाला. मग फोन ठेवता ठेवता म्हणाला, "आणि त्या दीडशहाण्याला काही बोलू नकोस."