अठ्ठावीस दोऱ्यांची छत्री

मित्रांनो, छत्री म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं दांडा येईल, तारा येतील आणि एखादा गळका कोपराही येईल. मीही छत्रीच आहे आणि चांगली म्हातारी आहे, पण मला ना दांडा, ना तारा. तुमची छत्री उघडायला पाऊस लागतो. मला उघडायला माणसाला विमानातून खाली पडावं लागे! होय, मी हवाई छत्री. पांढरीशुभ्र, नायलॉनची, आणि पसरले की देवळाचा सभामंडप झाकेल एवढी.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. अठ्ठावीस पाकळ्या एकमेकींना शिवल्या आणि प्रत्येक शिवणीखाली एक चिवट दोरी ओवली. अठ्ठावीस पाकळ्या, अठ्ठावीस दोऱ्या. मग मी पलटणीत गेले. किती जवानांना मी अल्लद भुईवर टेकवलं त्याची गणतीच नाही! पुढं १९६६ साली पलटणीनं मला जुनी ठरवून लिलावात काढलं आणि माझं नशीब उघडलं. वरवे बुद्रुकच्या हरिबा हवालदारांनी मला आणि माझ्या तपकिरी रंगाच्या बहिणीला घरी आणलं.

हरिबा स्वतः छत्रीधारी पलटणीतून पेन्शनीत आलेले. मिशा अशा की वाऱ्याची दिशा कळावी. सगळा गाव त्यांना आबा म्हणे. त्यांनी गावात हवाई उडी मंडळ काढलं. तुम्ही हसाल, पण खरंच काढलं! पुण्याचे एक हौशी वैमानिक आपलं लहानसं विमान सारोळ्याच्या सपाट माळावर उतरवायचे. माणसं बैलगाड्या जुंपून, भाकरी बांधून बघायला यायची. मंडळाचा पहिला गडी गेनबा. उंचापुरा, धीट, आणि जिभेनं जरा जास्तच धीट.

काय सांगू ती मजा! दार उघडायचं, वारा आत घुसायचा आणि गेनबा बाहेर! विमानाला अडकवलेली दोरी ताणली, की मी फाड्दिशी उमलायचे. एका बाजूला राजगड, पलीकडं तोरणा, खाली नीरा नदी रुपेरी करगोट्यासारखी. आणि माळावरून हजार कंठांतून गजर, "पुंडलिक वरदा!" अहो, तो गजर वरपर्यंत ऐकू यायचा!

पण मित्रांनो, हवाई छत्रीचा जीव घडीत असतो. एक पाकळी चुकली, एक दोरी गुंतली, की संपलं. माझी घडी घालायची सगुणाबाई. शिंपीआळीतली तरणी सून, कीर्तनवेडी. नवरा भोरच्या पेठेत दुकानावर, आणि ही घरी मशीन चालवायची. तिची सासू पारूबाई शेजारी बसून माझी कड धरायची. हरिबांनी सगुणाला एकदा घडी दाखवली आणि तिनं ती जन्माची उचलली. दोऱ्या मोजायची तिची रीतही न्यारी होती. विठोबा अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे ना? मग एक दोरी म्हणजे एक युग. दर दोरीवरून बोट फिरवायची आणि "विठ्ठल" म्हणायची. एकही युग चुकलं नाही कधी!

"ही छत्री हाय का जपमाळ?" गेनबा दारातून चिडवायचा.

"तुज्याच जिवासाठी जपते, गेनूदादा," ती हात न थांबवता म्हणायची.

आता एक गंमत ऐका. पलटणीचा कायदा होता, ज्याची घडी त्याची उडी. घडी घालणाऱ्यानं अधूनमधून आपल्याच घडीवर उडी घ्यायची, म्हणजे हात ढिला पडत नाही. सगुणानं तीनदा विचारलं, "आबा, मग माजी उडी कवा?" तिन्ही वेळा गडीमाणसं पोट धरून हसली. "आभाळात पदर सावरशील का दोरी?" शिवाय गावाचाही एक कायदा होता. उडीच्या दिवशी बाईमाणसानं छत्रीला हात लावायचा नाही. आदल्या दिवशी घडी तिनं घालायची आणि दुसऱ्या दिवशी तिचा हात चालायचा नाही! सांगा, याला काय म्हणावं?

तर हा झाला पूर्वरंग. आता उत्तररंग, सावरून बसा.

१९७० सालचा जानेवारी. सव्वीस तारखेला सारोळ्याच्या माळावर मोठी उडी ठरली. भोरहून मामलेदार येणार, शाळांची पोरं येणार. पंचवीसला दुपारी सगुणानं मला मंडळाच्या गोदामात पसरलं. आठ विठ्ठल, नऊ विठ्ठल, दहा विठ्ठल... आणि अकराव्या युगाला तिचं बोट अडखळलं. दोरी दिसायला चांगली, पांढरी. पण बोटाला खरखरीत लागली, उन्हात वाळलेल्या कुरडईसारखी. बारावी तशीच. तेरावी तशीच.

मला कारण ठाऊक होतं, पण मला तोंड कुठं? चार दिवसांपूर्वी गेनबानं मंडळाच्या जीपगाडीची बॅटरी काढून माझ्या पिशवीवर टेकवली होती. आतलं ॲसिड झिरपलं. "दोन थेंब तर हायत," म्हणून त्यानं फडक्यानं पुसलं. नायलॉनला ॲसिड म्हणजे वाळवीच, मित्रांनो. वरून दिसत नाही, आतून खाऊन टाकते.

सगुणा धावत हरिबांकडं गेली. हरिबांनी चष्मा लावला, दोरी उजेडाला धरली, दोन बोटांनी ताणली.

"कुठं तुटलीय? दाव."

"तुटली न्हाई आबा, कुजलीय. बोट फिरवून बगा."

"आगं, मंडळात चाळीस उड्या झाल्यात हिच्या."

"एकेचाळिसावीचं बोलते मी."

गेनबा खो खो हसला. "आबा, ती शिवणबाई हाय. तिला सगळं फाटकंच दिसनार!" पण हसताना त्याची नजर पिशवीवरच्या डागावर गेली आणि पटकन परत आली.

मंडळाची एक नोंदवही होती. कुणी घडी घातली, कुणी उडी घेतली आणि शेवटी शेरा. सगुणानं शेऱ्यात लाल पेन्सिलीनं लिहिलं, "दोरी ११, १२, १३ कुजल्या. वापरू नये." हरिबांनी वाचलं, मिशीवरून हात फिरवला, ओळीवर काट मारली आणि खाली लिहिलं, "बायकी भीती. वापरावी." मामलेदारांपुढं पांढरी छत्रीच शोभून दिसणार होती ना! तपकिरी बहीण ठिगळांची.

तेवढी एक काट, मित्रांनो, आणि गेनबाचा जीव त्या तीन दोऱ्यांना टांगला गेला. उडी कमी उंचीवरून होती, पोटावरची धाकटी छत्री उघडायलाही सवड मिळणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी माळ माणसांनी फुलला होता. झेंडा फडकत होता, लेझीम घुमत होती, विमानाचा पंखा फिरू लागला होता! गेनबानं मला पाठीवर घेतलं. एक पट्टा आवळला, दुसरा आवळला. आणि गर्दी फोडत सगुणा आली. डोक्यावर पदर, चेहरा पांढराफटक. आली आणि सगळ्यांदेखत माझ्यावर तळहात टेकवला.

"ए! हात!" हरिबा ओरडले.

"आबा," ती मोठ्यानं म्हणाली, "मला कावळा शिवलाय. आन् म्या छत्रीला हात लावला."

आमच्याकडं बाई महिन्याचे चार दिवस बाजूला बसली, की पोरांना 'तिला कावळा शिवला' असं सांगत. त्या दिवसांत तिनं कशाला शिवायचं नाही, ही रूढी. झालं! गेनबानं असे पट्टे सोडले, जसा पाठीवर विंचू चढलाय! मी धपकन मातीत पडले. दहा हात रिंगण मोकळं झालं. कालपासून जिच्या लाल शेऱ्याला कुणी विचारलं नाही, तिच्या या एका वाक्यानं अख्खं मंडळ मागं सरलं.

हरिबांना मात्र संशय आला. त्यांनी पारूबाईकडं पाहिलं. "पारूबाई, खरं का हे?"

माझ्या घड्यांचा तर थरकाप झाला! कारण सगुणा चारच दिवसांपूर्वी ते दिवस संपून न्हाली होती आणि हे सासूला पक्कं ठाऊक होतं. पारूबाईनं सुनेकडं पाहिलं. मग माझ्याकडं. काल माझी कड तिच्याच हातात होती, शेरा लिहितानाही ती शेजारी होती. तिनं नाकाला पदर लावला.

"व्हय की. म्याच बगितला कावळा. ह्यो एवढा! लई काळा व्हता मेला."

तपकिरी बहिणीचं नशीब उजळलं. ठिगळांसकट तिला बांधून गेनबा वर गेला, उडी पडली, ती उमलली आणि तो शाळूच्या शेताकडेला टुण्णकन उतरला. काय टाळ्या! काय शिट्ट्या!

टाळ्या विरायच्या आत सगुणानं मला उचललं. सासूसुनांनी आंब्याच्या खालच्या फांदीला माझ्या कडेचं कापड घट्ट आवळलं. अकरा, बारा, तेरा, या तीन दोऱ्यांची टोकं बैलगाडीत ठेवलेल्या ज्वारीच्या पोत्याला बांधली. माणसं लांबूनच बघत होती, विटाळ होता ना!

"आबा, ह्ये पोतं आन् आपला गेनूदादा, वजन सारखंच. बगा आता. आत्याबाई, हाका!"

पारूबाईनं बैलांना हैक् केलं. गाडी पुढं सरली, पोतं मागून सुटलं. टप्! टप्! टप्! एका दमात तिन्ही दोऱ्या तुटल्या, पापडासारख्या! पोतं भुईवर फुटलं आणि ज्वारी चौफेर उधळली.

लेझीमवाले थांबले. गेनबा त्या ज्वारीकडं बघत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आबा, बॅटरी म्या ठेवली व्हती. ॲसिड सांडलेलं ठावं व्हतं मला. लाजंनं गप बसलो."

"आन् कावळा?" हरिबांनी सगुणाला विचारलं.

"मला न्हाई शिवला आबा. छत्रीला ॲसिड शिवलं व्हतं." तिचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. "खोटं बोलले, त्याची माफी मी विठोबाजवळ मागीन. पन माजं खरं तुमी चष्मा लावून वाचलंत आन् खोडलंत. माजं खोटं कानावर आलं, तर पळालात. विटाळ कशाचा मानायचा, ते तुमीच सांगा."

हरिबांनी मिशीला हात लावला नाही. ते रिंगणात आले, मातीत गुडघे टेकले आणि तुटलेल्या टोकावरून सावकाश बोट फिरवलं. "पलटणीत पयला धडा हाच व्हता," ते म्हणाले. "कुणी 'थांबा' म्हनला, की आदी थांबायचं, मग इचारायचं. गावात आलो आन् इसरलो." त्यांनी नोंदवही मागवली. "बायकी भीती" खोडलं आणि लिहिलं, "शेरा बरोबर." खाली सही केली, आणि तिच्याखाली गेनबानंही.

त्या दिवसापासून मंडळाचा नवा कायदा झाला. लाल शेरा कुणाचाही असो, तीन माणसांनी बोट फिरवल्याशिवाय छत्री उठायची नाही. आणि जुना कायदा? सगुणानं मला तीन नव्या दोऱ्या ओवल्या, आधी पोतं बांधून विमानातून टाकून पाहिलं, आणि होळीच्या आधी एका सकाळी हरिबा म्हणाले, "ज्याची घडी त्याची उडी. चल पोरी."

गेनबानं काय केलं असेल? आपली धुतलेली विजार आणून तिच्या हातात ठेवली! "घे ताई. पदराचा घोळ नको."

मित्रांनो, मी शेकडो उड्या पाहिल्या, पण ती उडी! दारात ती क्षणभर थांबली, तोंडानं "विठ्ठल" म्हणाली आणि वाऱ्यात झेपावली. मी उमलले, अशी उमलले की जन्मात तशी उमलले नव्हते! अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दोऱ्या वीणेच्या तारांसारख्या ताणल्या. ती हसत होती, रडत होती, युगं मोजत होती. खालून पारूबाई जिवाच्या आकांतानं ओरडली, "सगुणेऽ, पदर!"

"आत्याबाईऽ, विजार हाय!" आभाळातून उत्तर आलं आणि अख्खा माळ खदखदून हसला.

पुढं वैमानिक म्हातारे झाले, विमान यायचं थांबलं. चार-पाच वर्षं मी गोदामात धूळ खात पडले. उंदरांनी एक कोपरा कुरतडला. वाटलं, संपलं आपलं. पण सगुणालाच आठवण झाली. आता वरव्याच्या हरिनाम सप्ताहात मी मंडपाचं छत आहे. माझ्याखाली टाळ वाजतात, बुवा रंगतात, आणि ऐकून ऐकून माझ्या घडीघडीत नाम मुरलं आहे. आभाळातून उतरून मी कीर्तनात आले. यापरती दुसरी गती कोणती?

यंदाचीच, १९७९ ची गोष्ट. मंडप माणसांनी गच्च भरलेला, बुवांनी टाळ उचललेला. सगुणा खांबाखांबाला फिरून माझ्या दोऱ्या चाचपत होती आणि एका खांबाशी थांबली.

"बुवा, थांबा!"

बुवांचा टाळ तसाच वर राहिला. मृदंगावरचा हात मृदंगावरच थांबला. कुणी हसलं नाही, कुणी "बायकी" म्हटलं नाही. पहिला उठला तो गेनबा, आता कानापाशी पिकलेला. त्यानं दोरीवरून बोट फिरवलं. मग हरिबांनी, काठी टेकत येऊन. मग बुवांनी स्वतः. दोरी खांबावर घासून झिजली होती. ती बदलली, घट्ट आवळली, आणि तेव्हा कुठं कीर्तनाला पुन्हा रंग चढला.

माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. मला ओल्यात ठेवू नका, बॅटरीजवळ तर मुळीच ठेवू नका. आणि कुणी "थांबा" म्हणालं, तर म्हणणारी बाई आहे की बुवा, ते बघू नका. आधी दोरीवरून बोट फिरवा.