न उघडलेलं खोकं

शेवटचा स्क्रू बसला तसा तिने लॅपटॉप सुलटा केला, झाकण उघडलं, बटण दाबलं आणि डोळे गच्च मिटून घेतले. आतला पंखा आधी घरघरला, मग सुरळीत फिरू लागला. तिने एक डोळा उघडून पाहिलं. पडद्यावर अक्षरं आली होती.

"आई," तिने आत हाक मारली, "चालू झाला."

आई ओले हात पुसत बाहेर आली. बाहेरची खोली म्हणजे बाबांचं दुकान. पंखे, इस्त्र्या, मिक्सर, जे जे म्हणून बिघडतं ते या खोलीत यायचं. आलेल्या माणसाला बाबा स्टुलावर बसवत, वस्तू स्वतःच्या मांडीवर घेत आणि गंभीरपणे विचारत, "काय होतंय ह्याला?" त्यामुळे गल्लीत त्यांचं नाव डॉक्टर पडलं होतं. वस्तू परत देतानाही त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे: इथेच चालू करून बघा, मगच घेऊन जा.

वरच्या वर्गातल्या मुलांनी यंदापासून आपापला लॅपटॉप आणायचा असं शाळेने सांगितलं, त्याच दिवशी तिने मनाशी ठरवलं होतं की आपला आपण जोडायचा. गिऱ्हाइकं टाकून गेलेले दोन लॅपटॉप कपाटावर धूळ खात पडले होते. एकाचा पडदा फुटलेला, दुसऱ्याच्या आतलं सगळं जळालेलं. सुट्टीभर खपून तिने त्या दोघांचा एक केला होता.

बाबा एका घरी पंखा बसवून आले तेव्हा तिने तो त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा चढवला, लॅपटॉप उलटासुलटा करून पाहिला, झाकण जरा हलवलं. पडदा काळा झाला. पुन्हा हलवलं, उजळला.

"बिजागरीपाशी तार चेपतेय," ती घाईने म्हणाली. "होईल नीट."

"होईल की. सोल्डरचे डाग बाकी बारीक दिलेस, माझ्यापेक्षा बरे." त्यांनी लॅपटॉप हळूच टेबलावर ठेवला. "पण शाळेत हा न्यायचा नाही. आपण नवा घेऊ."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. ती लॅपटॉप उचलून आत निघून गेली.

पुढचे काही दिवस घरात दोघं एकमेकांशी आईमार्फत बोलत होते. बाबांना चहा हवाय का विचार, तिला म्हणावं दिवा बंद कर. आई दोन्हीकडचे निरोप पोचवून कंटाळली. रुसण्यात पोरगी बापाच्या वरताण निघाली, असं ती दोघांनाही ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. तिने बाबांना विचारूनही पाहिलं, पण त्यांचं एकच पालुपद: नवा घ्यायचा म्हणजे घ्यायचा.

आईला याचंच नवल वाटत होतं. या घरात नवं म्हणून काही येतच नसे. स्वयंपाकघरातला पंखा झाडूच्या दांड्याने ढकलल्याशिवाय फिरत नसे. इस्त्री तापायची तर वायर डावीकडे ओढून धरावी लागे. दारावरची घंटा मनात आलं की आपली आपण वाजे, आणि कुणी उठतही नसे. प्रत्येक वस्तूला एकेक खोड होती आणि ती घरातल्या सगळ्यांना पाठ होती.

मुलीला खरं तर लॅपटॉपचंही एवढं नव्हतं. हातात पेचकस धरता येत नव्हता तेव्हापासून ती या टेबलाशी बसत आली होती. काढलेले स्क्रू बरणीच्या झाकणात ठेवायचे, काढले त्याच क्रमाने, हे ती अक्षरं शिकायच्या आधी शिकली. आता एक अख्खी वस्तू तिच्या हातून उभी राहिली होती. ती वर्गात ठेवावी आणि कुणी विचारलं तर "मी केलाय" म्हणून सांगावं, एवढंच तिला हवं होतं. आणि नाही कोण म्हणत होतं, तर बाबा. आपल्या कामावर त्यांचा भरवसा नाही, या विचाराने तिचा जीव तुटत होता.

दुकान बंद असण्याच्या दिवशी सकाळी ती बाहेरच्या खोलीत आली. बाबा टेबल आवरत होते. तिने आपला लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली.

"काय होतंय ह्याला?" तिने विचारलं. चेष्टेचा सूर नव्हता.

बाबांनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं. मग उलगडून पुन्हा घडी केली.

"त्याला काही होत नाहीये. चांगला केलायस तू."

"मग?"

"तुझी लाल सायकल आठवते?"

"आठवते. तिची चेन पडायची."

"ती कुणीतरी टाकून दिलेली. तुझा टेबललॅम्प, कॅल्क्युलेटर, सगळं तसलंच. माझ्याकडे येतं ते मोडूनच येतं ना." ते थांबले. बोलताना ते तिच्याकडे नाही, लॅपटॉपकडे बघत होते. "इतकी वर्षं हे काम करतोय, पण एखादी वस्तू पहिल्यांदा चालू होते तेव्हा कशी असते, हे मी कधी बघितलंच नाही. तुझ्यासाठी नवा घेऊ म्हणतोय खरा. पण बघायचंय मलाच."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. चार दिवस जमवलेली भांडणाची सगळी वाक्यं मुलीने गिळून टाकली.

"मग हा तुमचा," ती आपल्या लॅपटॉपवर हात ठेवून म्हणाली. "बिजागरी नीट करून देते. दुकानात राहू दे. कुणी विचारलं तर सांगायचं कुणी केला ते."

"न विचारताही सांगेन," बाबा म्हणाले.

दुपारी तिघंही बाजारात गेली. विक्रेता चटपटीत होता. लॅपटॉप ठरल्यावर तो खोक्याची चिकटपट्टी कापायला निघाला, एकदा चालू करून दाखवतो म्हणाला. बाबांनी खोकं चटकन आपल्याकडे ओढलं. नको, घरी बघू. तो म्हणाला, काका, खात्री करून न्यावं माणसाने. आईने तोंडाला पदर लावला. आयुष्यभर जगाला हेच सांगत आलेला माणूस खोकं कुशीत घेऊन दुकानाबाहेर पडला, आणि घरी येईपर्यंत त्याने ते कुणाच्या हाती दिलं नाही.

घरी आल्यावर बाबांनी टेबलावर धुतलेली चादर अंथरली. साबणाने हात धुऊन आले, ते पुन्हा एकदा पुसले. सवयीने त्यांनी बरणीचं झाकण शेजारी आणून ठेवलं होतं. मुलीने ते पाहिलं आणि तिथेच राहू दिलं. चिकटपट्टी त्यांनी सावकाश कापली. पडद्यावरचं प्लास्टिक एका कोपऱ्यातून सोलत आणलं, मध्ये फाटू नये म्हणून श्वास रोखून. मग तिच्याकडे बघितलं.

"तुम्हीच दाबा," ती म्हणाली.

त्यांनी बटण दाबलं. कुठेही ढकलावं लागलं नाही, ओढून धरावं लागलं नाही. पडदा एकदम उजळला. बाबांनी कान जवळ नेला, बराच वेळ ऐकलं, झाकण पुढेमागे करून पाहिलं. उजेड जागचा हलला नाही. त्यांचे हात थोडा वेळ हवेतच राहिले आणि मग चादरीवर टेकले.

आई त्यांच्यामागे येऊन उभी राहिली होती. मुलगी स्टुलावर बसली.

"काय होतंय ह्याला?" तिने विचारलं.

बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले.

"काही नाही," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, कुणी विचारलेलं नसताना, पुन्हा म्हणाले, "काहीच होत नाहीये."