एका कानात तो

छापखान्यात त्यांना सगळे कानामात्रा म्हणत. जन्मभर त्यांनी मुद्रितं तपासली; लेखकाच्या शब्दाला कधी धक्का लावला नाही. बायकोची दृष्टी अधू झाल्यापासून रोज संध्याकाळी बागेतल्या बाकावर ते तिला कादंबरी वाचून दाखवत. दिवसभर घरात अडगळ वाटणारा माणूस तेवढा वेळ हवाहवासा असे.

मग लेकीने आईला पुस्तकं वाचणारा मोबाईल दिला आणि माशी शिंकली.

"किती गोड आवाज हो त्याचा! खोकत नाही, की मध्येच चष्मा पुसत बसत नाही."

"चहा करून देतो का?"

"तुम्ही कधी दिलात?"

सवतीचा जाच बायकांनी सोसायचा, एवढंच कानामात्रांनी वाचलं होतं. पुरुषाच्या वाट्याला असं कुणी आलं तर त्याला काय म्हणायचं, हे शब्दकोशातही नव्हतं.

बागेच्या फाटकावर पाटी होती : मोबाईल मोठ्याने लावू नये. आजवर त्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र पाय मोकळे करायच्या निमित्ताने उठले आणि रखवालदाराच्या कानाला लागले. आता येईल गडी वठणीवर!

रखवालदार आला. "काकू, नियम आहे. हेडफोन लावा."

"अगंबाई, हो का?" तिने पर्समधून हेडफोन काढले. लेकीने तेही दिले होते.

आगीतून फुफाट्यात! आता तर तो फक्त तिच्याशीच बोलू लागला. ती मधूनच हसे, मान डोलवी. कशाला, ते ह्यांना कळेना.

"काय चाललंय एवढं?"

"जुनीच लावलीय. दोन बहिणींची. तुम्ही वाचली होतीत ना, माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतर?"

कानामात्रा घाईघाईने चष्मा पुसू लागले. थोड्या वेळाने तिने डोळ्यांना पदर लावला.

"अहो, धाकटी पुरात गेली! तुम्ही तर तिचं लग्न लावून दिलं होतं!"

"डॉक्टरांनी तुला रडायचं नाही म्हणून बजावलं होतं," ते पुटपुटले. "म्हणून पुरातून काढली. मग काय, लग्नाची झाली."

"आणखी किती जणांना वाचवलंत?"

ते बोटांवर मोजू लागले, आणि दुसऱ्या हातावर आले.

ती हसली की रुसली, त्यांना कळलं नाही. "पिशवीतलं पुस्तक काढा. तेच ह्यालाही वाचायला लावते." एका कानातला हेडफोन तिने काढला, दुसऱ्यातला राहू दिला. "इकडून तुम्ही, तिकडून तो. बघू, थापा कोण मारतं."

रखवालदार बघतच होता, म्हणून ते हलक्या आवाजात वाचू लागले. तीही सरकून जवळ आली. पण पानाच्या शेवटी तिची मान किंचित पलीकडे कलली. त्याच्या बाजूला.

कानामात्रांना खोकल्याची उबळ आली. ती त्यांनी गिळली आणि वाचत राहिले.