निकालातला ‘ही’

थोरलीने निकालपत्रातल्या एका शब्दात टाचणी खुपसली आणि कागद वकीलबाईंपुढे सरकवला.

“याच्याविरुद्ध अपील करायचंय. परवानगीचा अर्ज लिहा.”

वकीलबाईंनी वाक्य वाचलं. ‘प्रतिवादी या नावाजलेल्या शिवणकार असून अर्जदारही शिवणकाम करतात.’ टाचणी बरोबर ‘ही’च्या डोक्यात रुतली होती.

“अहो, पण तुम्ही जिंकलात! बहिणीची पाटी तुमच्या खिडकीवर येत होती, न्यायाधिकरणाने ती काढायला लावली. तिने मुकाट्याने काढलीसुद्धा. आणखी काय हवंय?”

“अर्जदारही म्हणजे काय? सुई धरायला मी शिकवलं तिला. मग मी ‘ही’ कशी?”

वकीलबाईंनी ओठ दाबून हसू आवरलं.

“परवानगी मागायची तर निकालात कायद्याची चूक दाखवावी लागते, ताई. ही तर व्याकरणाचीही चूक नाही. आणि जिंकलेल्या माणसाला कोण अपील करू देणार? हरला असतात, तर गोष्ट वेगळी.”

थोरलीने टाचणी उपटून कॉलरला लावली आणि ती निघाली.

खरं सांगायचं तर त्या खिडकीशी तिला काडीचंही देणंघेणं नव्हतं. अंधारात सुई ओवणारी बाई ती. उजेडाचे लाड तिला ठाऊकच नव्हते. पण शेजारच्या दारात गिऱ्हाइकं ताटकळत उभी राहायची, धाकटी आतून हसत हसत “आले हं” म्हणायची, आणि वर ती झोकदार अक्षरांची पाटी. बघून थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पाटी उतरली त्या दिवशी तिला गाढ झोप लागली होती. मग निकालाची प्रत हातात आली.

दुकान उघडून ती मशीनपाशी बसते न बसते तोच एक बाई हातावर कोट टाकून आत आली आणि गोंधळून थबकली.

“अगं बाई, दार चुकले वाटतं. पाटी दिसली नाही, म्हणून...”

“चुकला नाहीत. बसा,” थोरली घाईघाईने म्हणाली. “काय झालंय?”

कोटाची बाही खांद्यात उसवली होती. थोरलीने अस्तर उलटलं आणि तिथे आतून उलटा टाका घालायला घेतला. ही तिची स्वतःची युक्ती. ओढलं तरी शिवण तुटायची नाही. हात झरझर चालला. कितीतरी दिवसांनी तिला आपलाच हात आवडला.

बाईंनी बाही ओढून पाहिली आणि त्यांचा चेहरा खुलला.

“अगदी शेजारच्या ताईंसारखाच टाका! तुम्हीही त्यांच्याकडेच शिकलात का?”

थोरलीने दोरा दातांनी तोडला. कोटाची घडी घातली, बाईंच्या हातात दिली आणि त्यांना दारापर्यंत पोचवलं. मग ती बोळात गेली. पाटी तिथे भिंतीकडे तोंड करून उभी होती. ती दोन्ही हातांनी फरफटत तिने धाकटीच्या उंबऱ्याशी आणली.

“लाव ही परत.”

धाकटी मशीन थांबवून बघतच राहिली.

“अगं ताई, पण निकाल तर तुझ्या बाजूने लागलाय ना?”

“लागू दे,” थोरली म्हणाली. “लोक चुकून माझ्याकडे येतात.”