ओठ वाचणारा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे, आणि मला कान नाहीत. म्हणून आयुष्यभर मी शब्द ऐकले नाहीत, पाहिले. तुम्ही माझ्यासमोर येता तेव्हा भांग पाहता, पोट आत घेता, दात विचकता. मी मात्र तुमच्या ओठांकडे पाहत असतो.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या पाठीला रुपेरी मुलामा दिला, त्यावर लाल रंगाचा हात फिरवला आणि शिसवी चौकटीत मला घट्ट बसवले. मग समोर उभा राहून तो म्हणाला, "झकास!" मी वाचलेला तो पहिला शब्द. जन्मल्या जन्मल्या कौतुक कानावर, म्हणजे माझ्या बाबतीत काचेवर, पडले. ते मला पुढे फार पुरले.

तिथून मी एका सलूनमध्ये आलो. चेहऱ्यावर फेस फासलेल्या माणसाचे ओठ तेवढे उरतात, त्यामुळे माझे शिक्षण तिथे छान झाले. कपाळाला आठ्या घालून आलेल्या गिऱ्हाइकाला सलूनवाले काका म्हणत, "या या, किती दिवसांनी!" की लगेच आठ्या सैल पडत. वस्तरा तर अजून लागलेलाही नसे. एकदा एका तरुणाला त्याचा मित्र "काय टकल्या" म्हणाला. दोघे खो खो हसले. मित्राने पाठ फिरवली आणि तरुणाचे हसू गळून पडले. ते फक्त मी पाहिले. शब्द लागला की नाही हे बोलणाऱ्याला कळत नाही, आरशाला कळते.

पुढे काळ बदलला. सलूनमध्ये भिंतभर रुंद, दिवे लावलेले आरसे आले. माझा खालचा कोपरा टवका उडून बोथट झाला होता. मला मागच्या खोलीत, झाडूच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून ठेवले. मित्रांनो, शाळेत अशी शिक्षा तासाभराने संपते. माझी संपता संपेना. डोळ्यांसमोर फक्त चुना, आणि एकही ओठ नाही.

मला सोडवले ते काकांच्या भाचीने. आजारपणात ज्यांची वाचा जाते त्यांना ती पुन्हा बोलायला शिकवते, म्हणून तिला सगळे बोलबाई म्हणतात. तिने मला वळवले, फुंकर मारली आणि विचारले, "मामा, हा मी नेऊ?"

"अगं, त्याचा कोपरा गेलाय."

"माझ्याकडे येणाऱ्यांचंही तोंड जरा वाकडंच असतं. जमेल त्यांचं."

अशा रीतीने मी दवाखान्याच्या टोकाच्या छोट्या खोलीत आलो. एक टेबल, तीन खुर्च्या आणि रस्त्याकडे उघडणारी खिडकी. इथे माणसे माझ्यात चेहरा पाहायला येत नसत. हरवलेला शब्द कुठल्या ओठातून निघतो ते शोधायला येत.

त्यांच्यातच एक दिवस कंडक्टरकाका आले. जन्म बसमध्ये गेलेला, आवाज असा की मागच्या दारातला माणूस पुढे सरकावा. पण दिवसभराच्या कालव्याने कंटाळून घरी आले, बायकोने काही सांगायला तोंड उघडले, की ते म्हणत, "गप." मनात वाईट नव्हते. पण सवय जडली ती जडलीच. मग झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि सगळे शब्द एका फटक्यात गेले. उरला तेवढा एकच. पाणी हवे, "गप". मुलगी आली, "गप". बोलबाईला नमस्कार करायला डावा हात कपाळाला लावला आणि तोंडातून आले, "गप".

काकू आधी हसायच्या. "बघ बाई, देवानं सगळं धुऊन नेलं आणि मेलं हेच तेवढं मागे ठेवलं!"

काकू बोलक्या. बोलबाईने सांगितले होते, त्यांच्याशी खूप बोला. म्हणून त्या माझ्यासमोर बसून नवऱ्याला दूध उतू गेल्याचे, शेजारणीच्या मांजरीचे, जिन्यातल्या दिव्याचे सगळे सांगत. काका मन लावून ऐकत, उत्तर द्यायला धडपडत, आणि उत्तर येई, "गप." काकूंचे वाक्य तिथेच तुटे. मी पाहत होतो, त्यांची वाक्ये आखूड होत गेली. मग नुसते "हं" उरले. मग तेही गेले.

एके दिवशी मुलगी काकांना हात धुवायला बाहेर घेऊन गेली आणि काकू बोलबाईकडे वळल्या. "आजार आहे, कळतं गं मला. पण सगळा संसार हेच ऐकलं. आता वाटतं, त्यांच्या मनात खरं हेच होतं, म्हणून हेच उरलं. उद्यापासून पोरगी आणेल त्यांना. मी नाही यायची."

त्यांच्या खांद्यामागे, दारात, काका उभे होते. मला दिसले. त्यांनी सगळे ऐकले होते. त्यांनी बोलायला तोंड उघडले आणि चटकन डावा हात तोंडावर दाबून धरला. इतके केविलवाणे तोंड मी दुसरे पाहिलेले नाही. मला हात असते तर मी त्या दोघांना समोरासमोर वळवले असते.

त्यानंतर काकूंची खुर्ची रिकामी राहू लागली. काका येत, पण ओठ मिटून बसत. बोलबाई म्हणवून घेई ते आकडे नकोत, गाणी नकोत, बसमधले "पुढे सरका" सुद्धा नको. एकुलता एक शब्दही आता त्यांना उच्चारायचा नव्हता. मुलगी म्हणाली, "ताई, थांबवू या का हे? बाबांचे हाल बघवत नाहीत."

बोलबाई काही वेळ माझ्यात काकांचे ओठ बघत राहिली. मग म्हणाली, "काका, गप म्हणा."

काकांनी जोरजोरात मान हलवली.

"म्हणा हो. आज मला तोच हवाय. म्हणा आणि तसेच थांबा."

काका नाइलाजाने म्हणाले, "गप."

"थांबा! बघा आरशात. ओठ कसे मिटलेत? ‘ब’ सुद्धा इथूनच निघतो. बस थांब्यावर आली आहे काका. आता फक्त दार उघडायचं."

काकांनी जीव एकवटून ओठ उघडले. शब्द आला नाही, वाफ आली. माझ्यावर धुक्याचा एक गोल उमटला. मुलीने तो रुमालाने पुसला, पुन्हा गोल, पुन्हा रुमाल. "बाबा, चला आता घरी," ती म्हणाली, तर त्यांनी टेबलावर थाप मारली. कित्येक दिवस नुसती वाफच चालली होती. आणि मग एका सकाळी ओठ गोल झाले. "बो."

बोलबाई उडालीच. "बोट? बोर? काय म्हणायचंय?" काका प्रत्येक शब्दाला हात झटकत. शेवटी त्यांनी त्या हाताने रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवले. बोलबाई मुलीला म्हणाली, "उद्या आईला घेऊन ये. काहीही करून."

काकू आल्या, मांडीवर पिशवी धरून, पाहुण्यासारख्या बसल्या. काकांनी खुर्ची सरकवून घेतली, दोघांचेही चेहरे माझ्यात आले. काकांनी तोंड उघडले आणि व्हायचे तेच झाले.

"गप."

काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी पिशवी उचलली. तेवढ्यात काकांनी, गाडी थांबवायला करावा तसा, डावा हात वर केला. ओठ अजून मिटलेलेच होते. त्यांनी ते सोडले नाहीत. गळ्याच्या शिरा ताणल्या, माझ्यावर वाफ धरली, आणि वाफेतून मी तो शब्द वाचला.

"बो... ल."

काकूंना समजेना. त्यांनी बोलबाईकडे पाहिले. बोलबाईच्या डोळ्यांना धार लागली होती, तिचा काही उपयोग नव्हता.

"बोल," काका म्हणाले. आणि मग, कुणी न शिकवलेला शब्द आपसूक पुढे आला. "अगं, बोल."

जन्मभर जिला बोलू दिले नाही तिला आता एक शब्द सुचेना. पदर तोंडाला लावून त्या एकदम रडत आणि हसत होत्या. "काय बोलू मेलं आता? इतके दिवस विचारलं नाहीत ते!" मग डोळे पुसून म्हणाल्या, "आज पुन्हा दूध उतू गेलं."

काकांनी मान डोलावली. "बोल."

आणि काकू बोलत सुटल्या. दूध, मांजर, दिवा, आणि असे कितीतरी जे वर्षानुवर्षे अर्ध्यात तुटले होते. मध्येच काकांच्या तोंडून "गप" निसटला, तर काकूंनी हातानेच त्याला बाजूला सारले आणि पुढे चालू ठेवले.

मित्रांनो, रोज तोंडात घोळवलेला शब्दच अडचणीच्या दिवशी आधी हाताशी येतो. म्हणून तो नीट निवडा. घरात कुणी काही सांगायला आले तर त्याचे वाक्य पुरे होऊ द्या. आणि माझ्यासाठी एवढेच करा, मला मऊ, कोरड्या कापडाने पुसत जा. फक्त माझ्यावर वाफ धरलेली दिसली तर लगेच पुसू नका. थोडे थांबा. कुणीतरी बोलायचा प्रयत्न करत असेल.