मागच्या चाकाचं कुलूप

आमचे हे लिफ्टदुरुस्तीवाले. तीस वर्षं लोकांच्या अडकलेल्या लिफ्टा सोडवल्या, आणि घरातलं एक भिजत घोंगडं कधी वाळत घातलं नाही. काहीही विचारा, उत्तर एकच. "बघू."

मी शिवणकारखान्यात कापड कापते. मालकीणबाई दुसऱ्या गावी बारा मशिनांचा नवा कारखाना काढतायत, आणि तो मीच सांभाळावा असा त्यांचा हट्ट. वर राहायला खोली, खाली खिडकीशी माझं स्वतःचं कापायचं टेबल. आज सकाळी त्यांनी बजावलं, "पाचपर्यंत हो म्हणा, नाहीतर मी दुसरीला विचारते." ह्यांना मी आठवडाभर विचारत होते. आठवडाभर बघू.

दुपारी मात्र स्वतःहून म्हणाले, "चल, रानातून फिरून येऊ. तराफ्यानं पलीकडे जाऊ, तिथून कर काय तो फोन."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वेडी मी.

वाट वीसच मिनिटांची, पण झाडी अशी दाट की आभाळ शोधावं लागतं. हे पुढे, मी मागे. फोनला रेंज नाही, ना घरी ना रानात. ती थेट नदीपलीकडे येते, गाडीरस्त्यापाशी.

नदीवर नावाडी नाही, ज्यानं त्यानं आपलं आपण जायचं. दोन्ही काठांना एकेक हातचाक, चाकावरून आलेली साखळी तराफ्याला बांधलेली. तराफ्यावर उभं राहून पुढची साखळी ओढायची, मागचं चाक आपसूक फिरत साखळी सोडतं. तराफा पलीकडे असला तर आपल्या काठचं चाक फिरवून ओढून आणायचा. एवढंच.

पण आमच्या ह्यांना एक खोड. लिफ्टवाल्यांचा नियमच आहे, आपण आत काम करताना बाहेरून कुणी चालू करू नये म्हणून स्विचला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. ह्यांच्या पट्ट्याला दोन कुलपं कायम, लग्नाला जातानासुद्धा. "चढताना कुणी चाक फिरवलं तर पडशील," म्हणाले, आणि चाकाला कुलूप घातलं. मी चढले, मागून तेही चढले. आम्ही साखळी ओढायला लागलो.

नदीच्या मधोमध तराफा गच्चकन थांबला. पाण्यात सैल पडलेली साखळी संपली होती. मागचं चाक फिरेना.

"अहो, कुलूप!"

"अरेच्चा," हे म्हणाले.

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. पुढचा काठ समोर दिसत होता, पण खाली काळं पाणी, आणि पोहायला दोघांनाही येत नाही. परतीशिवाय गत्यंतर नव्हतं. मागची साखळी ओढताना माझ्या तळहाताला फोड आले. हे अगदी सावकाश ओढत होते. आठवडाभराच्या त्या बघूसारखं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"तीस वर्षं झाली तुम्हाला. कुलूप घातलं की चाक फिरत नाही, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"सवयीनं घातलं गं."

"माझ्याकडे बघून सांगा."

त्यांनी बघितलं नाही. "घातलं सवयीनं," म्हणाले. "चढताना आठवलं होतं. म्हटलं, राहू दे."

मला रडू आलं, रागाचं. नाही म्हणाले असते तर भांडले तरी असते. माणसानं भांडायलाही जागा ठेवली नाही.

काठाला लागताच मी हात पुढे केला. "किल्ली." त्यांनी अख्खा जुडगाच हातावर ठेवला. मी कुलूप काढलं, जुडग्यासकट पिशवीत टाकलं आणि तराफ्यावर चढले.

"मी नाही येत," हे म्हणाले.

"नका येऊ."

एकटीनं ओढलं. मागचं चाक कुरकुरत फिरत होतं, आणि प्रत्येक हिसक्याला वाटत होतं, आता थांबणार. थांबलं नाही. पलीकडे उतरून धापा टाकत चढ चढले. पाचला चार मिनिटं कमी होती. फोन लागला.

"हो," मी म्हणाले. "येते मी."

वळून बघते तर तराफा परत निघालेला. हे पलीकडे उभे राहून चाक फिरवत होते. क्षणभर वाटलं, येतायत माझ्यामागून. खोटं कशाला बोलू, जीव सुखावला. तराफा त्यांच्या काठाला लागला. ह्यांनी पट्ट्याचं दुसरं कुलूप काढलं, चाकाला अडकवलं आणि दाबून बंद केलं. मग हाताची घडी घालून उभे राहिले.

"आता ये की परत!" ओरडले.

मग त्यांचा एक हात खिशाकडे गेला. मग दुसरा, दुसऱ्या खिशाकडे. घराची किल्लीसुद्धा त्याच जुडग्यात होती.

"अगं, किल्ल्या! घरात कसा जाऊ मी? रस्त्यानं फिरून ये, पण लवकर ये! येतेस ना?"

माझ्या मागे गाडीरस्ता होता. पिशवीत जुडगा खुळखुळला.

"बघू!" मी ओरडून सांगितलं, आणि चालायला लागले.